पहिला डीएसएलआर, बेताचं बजेट आणि लेन्सची निवड: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला कॅमेरा घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी हे पान आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात कॅननचा १५००डी, ३०००डी, २००डी नाहीतर निकॉनचा डी३४००, डी३५००, डी५६०० दिसतो, काहींकडे मामा-काकांकडून आलेला डी३१०० किंवा डी५१००. उत्तरं याच कॅमेऱ्यांना धरून दिली आहेत.

किट लेन्स घेऊ की नुसती बॉडी घेऊन पैसे वाचवू?

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५, घ्या. १८-५५ म्हणजे खेळणं, असं सांगणारा एकजण हमखास भेटतो. तो लग्नाच्या ऑर्डरींच्या हिशेबाने बोलत असतो, तुमच्या नाही. कॅमेऱ्यासोबत ही लेन्स थोड्याशा फरकात मिळते, नंतर सुटी नवी घ्यायला गेलात तर चांगलीच महाग पडते.

मात्र १८-५५ कुठली, ते खोक्यावर वाचा. कॅननच्या '१८-५५ थ्री'ला स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) नाही, 'आयएस टू'ला आहे. निकॉनमध्येही एएफ-पी १८-५५ व्हीआरसह (व्हीआर म्हणजे निकॉनचा स्टॅबिलायझर) आणि व्हीआरशिवाय अशी दोन्ही निघालेली आहे, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. काउंटरवर 'सगळं एकच आहे हो' म्हणतील. एकच नाही. संध्याकाळी तुळशीपाशी पणतीच्या उजेडात फोटो काढताना हललेला हात फोटोत किती दिसतो, ते या दोन अक्षरांवर ठरतं.

घेतल्यावर दोन-तीन महिने तीच वापरा, दुसरं काही घेऊ नका. मग सगळे फोटो कॉम्प्युटरवर टाका आणि एकेकाची माहिती उघडून बघा. प्रत्येक फोटो किती एमएमला, किती आयएसओला (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील केला तो आकडा) काढलाय ते फाइलमध्येच लिहिलेलं असतं. बहुतेक फोटो १८ वर असतील तर तुम्हाला जागा कमी पडतेय. ५५ वर असतील तर लांबचं जवळ हवंय. एमएम काहीही असो, पण आयएसओ ३२००, ६४०० असाच दिसत असेल तर उजेड कमी पडतोय, म्हणजे मोठ्या अपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) लेन्स हवी. कुठल्याही यूट्यूबवाल्यापेक्षा हा हिशेब खरा, कारण तो तुमच्या घरातल्या, तुमच्या गल्लीतल्या फोटोंवरून निघालेला असतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी तुम्हाला पुन्हा या हिशेबाकडेच पाठवणार आहे.

१८-५५, ३.५-५.६ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा म्हणजे फ्रेममध्ये किती मावतं. कॅननच्या या कॅमेऱ्यांत, भिंतीपासून दहा फुटांवर उभं राहून आडवा फोटो काढला तर १८ एमएमला भिंतीचा साधारण बारा फूट भाग येतो, ५० ला साडेचार फूट आणि २५० ला जेमतेम अकरा इंच. निकॉनचा सेन्सर किंचित मोठा, तिथे थोडं जास्त येतं. आकडा वाढला की फ्रेममध्ये मावणारं कमी होतं, एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी पुष्कळ.

दुसरा आकडा अपर्चरचा. तो जितका लहान तितका उजेड जास्त. ३.५-५.६ म्हणजे १८ वर ३.५, आणि झूम करत ५५ वर गेलात की ५.६. एफ १.८ ची लेन्स ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्ससाठी शटर (फोटो काढताना उघडणारा पडदा) १/१५ सेकंद उघडा लागतो तिथे हिला १/१५० च्या आसपास पुरतं. १/१५ ला पळणारं पोर म्हणजे नुसता फराटा, १/१५० ला निदान कोणाचं पोर ते तरी ओळखू येतं.

पहिली जादा लेन्स म्हणून फिफ्टीच घ्यावी का? सगळे तेच सांगतात.

सगळे सांगतात कारण ती स्वस्त आहे. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम नवी साधारण दहा हजारांच्या आतबाहेर मिळते आणि एवढ्या पैशात एवढं काम देणारी दुसरी लेन्स कॅननकडे नाही. पण घेण्याआधी टेप घेऊन घर मोजा.

उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत उभा फोटो घ्यायचा तर कॅननवर ५० एमएमसाठी तेरा फुटांहून जास्त मागे जावं लागतं. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत, एकामागे एक लांबट खोल्या असतात तिथे, मागे सरकत सरकत तुम्ही थेट मोरीत पोचता. तोच फोटो ३५ एमएमने नऊ फुटांवरून निघतो आणि २४ ने साडेसहा फुटांवरून. म्हणून घरातलं बाळ, बारसं, गौरी-गणपतीची आरास, स्वयंपाकघरात पुरणपोळी लाटणारी आई, असलं काही काढायचं असेल तर निकॉनवाल्यांनी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी घ्यावी. निकॉनवर घरासाठी मी फिफ्टी सुचवतच नाही.

कॅननवाल्यांची इथे जरा अडचण आहे, त्यांच्याकडे तेवढी स्वस्त ३५ नाही. ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ एसटीएम आहे. चपटी, हलकी, शर्टाच्या खिशात मावणारी, आणि १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करणारी. कुंदा-मांड्यांच्या दुकानासाठी ताटाचे फोटो काढायचे असतील तर हिच्यासारखी स्वस्त आणि सोयीची लेन्स मला दुसरी माहीत नाही. मात्र अपर्चर २.८ आहे, १.८ नाही. अंधारात फिफ्टी पुढे, अडचणीच्या जागेत ही पुढे.

शेतात, अंगणात, गडावर माणसांचे फोटो काढायचे असतील तर फिफ्टीच. राजहंसगडावर संध्याकाळच्या उन्हात मित्राचा अर्धा फोटो काढून बघा, मागची तटबंदी कशी विरघळते ते कळेल.

ठरत नसेल तर एक फुकटचा उपाय आहे. किट लेन्स ३५ वर फिरवा, झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि अख्खा रविवार तशीच वापरा. पुढच्या रविवारी ५० वर. कुठल्या दिवशी जास्त चिडचिड झाली ते तुमचं तुम्हालाच कळेल.

फिफ्टी घेतली, पण निम्मे फोटो धूसर येतात. लेन्स खराब निघाली काय?

बहुतेक नाही. एफ १.८ वर दीड मीटर अंतरावरून काढलेल्या फोटोत पुढे-मागे मिळून साधारण सहा सेंटीमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो. नवरा-नवरी शेजारी उभे आहेत आणि नवरी वीतभर मागे आहे, तर एकाचाच चेहरा स्पष्ट मिळणार. (कोणाचा स्पष्ट आला यावरून नंतर घरात काय होतं ते सांगायला नको.) दोघं असतील तर अपर्चर ४ वर न्या, चार-सहाजण असतील तर ५.६. आणि फोकसचा पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नका, एकच पॉइंट निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. १५००डीसारख्या बॉडीत नऊ पॉइंटांपैकी मधला सगळ्यात भरवशाचा.

शटरही बघा. फिफ्टीला स्टॅबिलायझर नाही, तेव्हा स्थिर माणसासाठीसुद्धा १/८०, १/१०० च्या खाली जाऊ नका.

कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्याला बसते?

कॅननचं सोपं आहे. तुमच्या बॉडीवर 'ईएफ' आणि 'ईएफ-एस' दोन्ही बसतात आणि दोन्हींचा ऑटोफोकस चालतो. १९८७ पासून आलेली कुठलीही ईएफ लेन्स चालेल. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मात्र ईएफ-एस बसत नाही, आणि मिररलेसची (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची) 'आरएफ' लेन्स डीएसएलआरवर कधीच बसत नाही. दुकानात हल्ली दोन्ही शेजारी मांडलेल्या असतात, तेव्हा नाव नीट वाचा.

निकॉनमध्ये लोक फसतात. डी३०००च्या आणि डी५०००च्या सगळ्या मालिकेत बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे लेन्सच्या नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' हवं. नुसतं 'एएफ' किंवा 'एएफ-डी' असेल तर लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. '५० एमएम १.८डी, स्वस्तात देतो' अशी सेकंडहॅण्ड जाहिरात दिसली की निकॉनवाल्यांनी आधी हे आठवावं. ५० हवीच असेल तर शेवटी 'जी' असलेली.

दुसरा फास उलट बाजूचा. एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही. डी३३०० आणि डी५३०० ला आधी फर्मवेअर अपडेट मारावं लागतं. जुन्या बॉडीसाठी एएफ-एस शोधा.

टॅमरॉन, सिग्मा घेताना 'कॅननसाठी' की 'निकॉनसाठी' आणि निकॉनची असेल तर 'मोटरवाली' की बिनमोटरची, एवढं विचारलंच पाहिजे.

दोन लेन्सचं कॉम्बो मिळतंय, १८-५५ आणि ७५-३००. घेऊ का?

कॅननची ७५-३०० असेल तर नको. तिला स्टॅबिलायझर नाही. ३०० वर हातात धरून काढायचं तर १/५०० च्या आसपास शटर लागतो, अपर्चर तिथे ५.६, म्हणजे ऊन कडक असेल तरच जमायचं. वर ३०० च्या टोकाला फोटो मऊ येतो. त्यापेक्षा ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम घ्या, सेकंडहॅण्ड मिळाली तरी चालेल. पन्नास एमएम कमी आहेत, पण जे येतं ते धड येतं. ७५-३०० च्या फोटोतून कापून मोठं करायची वेळ येते, २५० चा फोटो आहे तसा छापता येतो.

निकॉनमध्ये एएफ-पी डीएक्स ७०-३०० चांगली आहे, फक्त व्हीआरवाली बघून घ्या. बिनव्हीआरची बाजारात भरपूर फिरते.

दांडेलीला पक्षी काढायचे आहेत. २५० पुरेल?

रानडुक्कर, शेकरू, जवळ आलेला धनेश, इथपर्यंत पुरेल. दांडेलीचा मलबारी कवड्या धनेश दोन-सव्वादोन फुटांचा. वीस मीटरवरच्या फांदीवर बसला तर २५० एमएमच्या फ्रेमचा साधारण तिसरा हिस्सा भरतो. वाईट नाही. सुभग, शिंजीर, वटवट्या असल्या मुठीएवढ्या पक्ष्यांना नाही पुरणार.

पण पहिल्या वर्षी १५०-६०० च्या मागे लागू नका. ती कॅमेऱ्याहून महाग आणि दोन किलोच्या घरात जाणारी. त्याआधी पाणवठ्यापाशी तासभर न हलता बसायची सवय लागतेय का ते बघा.

गोकाकचा धबधबा, जांबोटी-चोर्ल्याचं धुकं यासाठी वाइड लेन्स लागेल का?

नाही, १८ एमएम पुरते. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंच आहे, पण तुम्ही उभे राहता ते लांबून, त्यामुळे मावतो. पाणी रेशमी हवं असेल तर पैसे लेन्सवर घालण्यापेक्षा एनडी (उजेड कमी करणारा काळसर) फिल्टर आणि बऱ्यापैकी ट्रायपॉडवर घाला. पाऊण-एक सेकंद शटर मिळाला की झालं. तुषारांनी काच दर मिनिटाला भिजते, तेव्हा दोन-तीन कोरडे मायक्रोफायबर जवळ हवेत.

वाइड लेन्स खरी लागते ती देवळांच्या आत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत छतावर दगडी कमळ आहे, ते पूर्ण घ्यायला १८ वर जमिनीवर झोपावं लागतं. कॅननची १०-१८ एसटीएम, निकॉनची एएफ-पी १०-२० ही त्यातल्या त्यात परवडणारी नावं. पण वर्षाकाठी चार देवळं काढणार असाल तर मान खाली-वर करून दोन-तीन फोटो घ्या आणि मोबाइलमध्ये जोडा. तेरावं शतक सुरू होतानाचं देऊळ आहे, अजून चार मिनिटं थांबेल. ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी विचारा.

काका, लग्नाच्या छोट्या ऑर्डरी येऊ लागल्यात. एकच लेन्स घ्यायची तर कोणती?

सेकंडहॅण्ड टॅमरॉन १७-५० एफ २.८, किंवा थोडे जास्त पैसे असतील तर सिग्मा १७-५० एफ २.८. अख्ख्या झूमला २.८ मिळतं, त्यामुळे हॉलमध्ये झूम केलं म्हणून उजेड कमी होत नाही. टॅमरॉनच्या दोन आवृत्त्या आहेत. व्हीसी (टॅमरॉनचा स्टॅबिलायझर) नसलेली हलकी आणि स्वस्त, आणि माझ्या मते फोटोही तिचेच जास्त खणखणीत. निकॉनवाल्यांनी मोटरवालीच घ्यावी.

१८-१३५ किंवा १८-१४० चा मोह होतो, लेन्स बदलायची कटकट नाही म्हणून. सहलीला ती उत्तम. मंगल कार्यालयात मात्र ती टोकाला पुन्हा ५.६ च, आणि अक्षता पडताना फ्लॅशशिवाय तुमच्या हातात काही राहत नाही.

कार्यालयांतल्या एलईडी पट्ट्यांमुळे फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात, ते लेन्सचं दुखणं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिचमिचतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक ठिकाणी पट्टे जातात.

आणि एक. ज्या लग्नाचे पैसे घेताय तिथे दुसरी बॉडी, निदान दुसरी लेन्स, मित्राकडून मागून का होईना, पिशवीत असलीच पाहिजे. सप्तपदी पुन्हा घालता येत नाही.

शिवजयंतीचे चित्ररथ रात्री निघतात. किट लेन्सने जमेल?

थोडंफार. रथावर झगझगीत दिवे असतात आणि रस्त्यात अंधार, ही खरी अडचण. आपल्याकडे वैशाखात चित्ररथ निघाले की खडेबाजार, गणपत गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळे फिफ्टी घेऊन मागे सरकणं विसरा. ३५ किंवा २४ इथे कामाची. रथ संथ चालतो, पण त्यावरचे मावळे तलवार फिरवतात, म्हणून शटर १/१६० च्या खाली नको. आयएसओ ३२०० ला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर रथाचे दिवे पांढरे फटक होतात आणि महाराजांचा चेहरा त्यातच जातो. किट लेन्सच असेल तर १८ वरच राहा आणि जवळ जा. १८ वर ३.५ मिळतं, ५५ वर जाऊन काहीच हाती लागत नाही.

यात्रेत भंडारा उधळतात. लेन्सला काही होतं का?

होतं. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत किंवा चिंचलीच्या मायाक्काला गेलात तर हवेतच हळद तरंगत असते. फोटोला त्यासारखं सुख नाही, लेन्सला त्यासारखं संकट नाही.

झूम करताना जी लेन्स पुढे-मागे लांबते ती प्रत्येक वेळी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर भंडारा. म्हणून यात्रेत प्राइम (झूम नसलेली, एकाच एमएमची लेन्स) बरी, नाहीतर झूम एका जागी ठेवून पायाने पुढे-मागे व्हा. घरून निघतानाच लेन्सवर साधा फिल्टर चढवा. कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तळाला भोक पाडून फिल्टर तेवढा बाहेर काढा आणि कडेला रबर लावा. तिथे लेन्स बदलायची नाही, कितीही वाटलं तरी. बदलायचीच तर गर्दीबाहेर येऊन, बंद गाडीत, हात पुसून.

घरी आल्यावर काच आधी पुसू नका. सगळेजण हेच करतात आणि बारीक कणांनी कोटिंगवर ओरखडे ओढतात. कॅमेरा खाली तोंड करून धरा, ब्लोअरने फुंका, मऊ ब्रशने झूमच्या रिंगच्या फटी झाडा, पुन्हा फुंका, आणि मगच मायक्रोफायबर. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा ओलावा लागला की हळद चिकटते. पिशवीचा आतला कप्पाही झाडा, नाहीतर उरलेला भंडारा पुढच्या लग्नात निघतो.

सेकंडहॅण्ड लेन्स घेताना काय बघायचं?

दिवसा भेटा, आपली बॉडी आणि कार्ड बरोबर न्या. मोबाइलची टॉर्च लेन्सच्या एका तोंडाशी तिरकी धरा आणि दुसऱ्या तोंडाने आत बघा. थोडी धूळ दिसणारच, तिला घाबरू नका, फोटोत ती उमटत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स तिथेच परत द्या, मग किंमत कितीही कमी असो. दुधट धुरकटपणा दिसला तरी तेच. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही, कारण तो फोटोत दिसतो.

मग लेन्स बॉडीला लावा. जवळचं-लांबचं आलटून पालटून फोकस करा, कुरकुर किंवा चाचपडणं आहे का ऐका. अपर्चर ८ आणि ११ वर नेऊन फोटो काढा. कॅननवर तेव्हाच 'एरर ०१' आला तर लेन्सच्या आतली पट्टी किंवा संपर्क गेलेला असू शकतो. स्टॅबिलायझर चालू-बंद करून फरक पडतो का बघा. एखाद्या विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो घेऊन चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स पडलेली आहे असं समजा, विकणारा शपथ घेत असला तरी.

बिल मागा. वॉरंटी संपलेली असली तरी बिलामुळे माल चोरीचा नाही एवढं तरी कळतं. पैसे आधी पाठवून कुरिअरने लेन्स मागवायची तर माणूस ओळखीचा हवा.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते म्हणे. काय करायचं?

लागते, आणि खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर हमखास लागते. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना पाझर फुटतो आणि कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तिथे काचेचं काय.

महागडं ड्राय कॅबिनेट लागत नाही. रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. सतत ६० च्या वर असेल तर धोका. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत कोरडं करता येतं. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही, आईशी आधी बोलून घ्या. मूठभर तांदूळ टाकणारेही आहेत. त्याने काही होत नाही, उलट तांदळाची भुकटी लेन्सवर बसते.

चामड्याच्या कव्हरात लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. कॅमेऱ्याची पिशवीसुद्धा प्रवासापुरतीच, मुक्काम डब्यात. आणि लेन्स वापरत राहा. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते. एसीच्या गाडीतून उतरून थेट आंबोलीच्या धुक्यात कॅमेरा काढला तर काचेवर घाम येतो. पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या.

लेन्स बेळगावात घेऊ, हुबळीला, की कोल्हापुरात स्वस्त पडते?

'महाराष्ट्रात टॅक्स कमी' ही जुनी समजूत. जीएसटीचा दर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फरक पडतो तो दुकानदाराच्या मार्जिनमध्ये, राज्यात नाही. जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवस धरला तर दोन-चारशे रुपयांसाठी दूर जाण्यात अर्थ नाही. मात्र तिकडे सेकंडहॅण्ड माल जास्त बघायला मिळतो, त्यासाठी जरूर जा.

बिलाशिवाय 'इंपोर्टेड' माल स्वस्तात देऊ केला तर त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी नसते. बंद पडली की सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतात. बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या नव्हे, लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा.

मामांकडे रीळवाल्या कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स आहेत. चालतील?

निकॉनच्या असतील तर बऱ्याचशा बसतील, कारण निकॉनचं माउंट (बॉडीवर लेन्स अडकवायची कडी) १९५९ पासून तेच आहे. फार जुन्या, १९७७ च्या आधीच्या लेन्स जबरदस्तीने बसवू नका, आधी जाणकाराला दाखवा. फोकस हाताने, आणि डी३०००-डी५००० मालिकेत मीटरही (उजेड मोजणारी सोय) चालत नाही. एक फोटो काढायचा, बघायचा, शटर बदलायचं. शिकायला झकास. कॅननच्या बॉडीवर निकॉनची जुनी लेन्स साध्या अडॅप्टरने बसते, उलट मात्र जमत नाही.

भाताचा लोंबर, मुंग्या, दवबिंदू असलं जवळून काढायचंय. मॅक्रो लेन्स महाग आहे.

एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) घ्या, विजेच्या संपर्कांसहितची, म्हणजे अपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येतं. फिफ्टीसोबत ती छान काम देते. आणखी स्वस्त म्हणजे रिव्हर्स रिंग, लेन्स उलटी लावायची. पण कॅननमध्ये अपर्चर मग पूर्ण उघडंच राहतं, आणि निकॉनच्या 'जी' लेन्समध्ये पूर्ण मिटतं, मागची दांडी बोटाने किंवा चिकटपट्टीने धरावी लागते. वाऱ्याच्या दिवशी यातलं काहीच जमत नाही. पहाटे शेतावर जा.

डीएसएलआर बंद होत चाललेत म्हणतात. मग लेन्सवर पैसे घालू का?

नव्या डीएसएलआर लेन्स आता येणं जवळजवळ थांबलंय, हे खरं. कॅनन-निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेसची नवी माउंट आणली आणि सगळा जोर तिकडे गेला. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की लोक जुन्या लेन्स विकताहेत आणि त्या स्वस्त झाल्यात.

उद्या मिररलेस घेतला तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी एफटीझेड अडॅप्टरने चालतात. जुन्या एएफ-डी तिथेही हातानेच फोकस होतात, त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही.

हातात पंधरा हजारच आहेत. नेमकं काय घेऊ?

किट लेन्स असेलच असं धरतो. एक प्राइम घ्या: निकॉनला ३५, कॅननला घर मोठं असेल तर ५० आणि लहान असेल तर २४. उरलेल्या पैशात हवाबंद डबा, जेल, ब्लोअर, दोन मायक्रोफायबर आणि एक जादा बॅटरी. झूम पुढच्या दिवाळीला, तीही सेकंडहॅण्ड. नवी बॉडी घ्यायचा विचार तर आत्ता डोक्यातून काढून टाका.

लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवू का?

यात्रा, समुद्रकिनारा, तुषार, लहान मुलांचे चिकट हात, अशा ठिकाणी लावा. एरवी नको. स्वस्त फिल्टरमुळे रात्री दिव्यांचे हिरवे ठिपके फोटोत येतात, चित्ररथाच्या दिवशी तर भरपूर. हूड मात्र कायम लावा. ऊन तिरकं पडत असेल तर फोटो खुलतो, आणि लेन्स आपटली तर पहिला मार हूड खातो. घेताना व्यास बघा: कॅननच्या १८-५५ आणि ५५-२५० दोन्हींना ५८ एमएम, त्यामुळे एकाच फिल्टरवर दोन्ही भागतात. कॅननच्या ५० एसटीएमला ४९, निकॉनच्या ३५ ला ५२, एएफ-पी १८-५५ ला ५५. आकडा लेन्सच्या तोंडाशी किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो.